एकाच गेटवर दोन आंदोलनं

मी नगरसेविका झाले ती आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला म्हणून. त्याआधी कल्याण पूर्वेला, विठ्ठलवाडी स्टेशनच्या अलीकडे, माझा शिवणक्लास होता. पक्षाच्या शाखेत वर्षानुवर्षं बसायचा तो माझा नवरा. तिकीट त्यालाच मिळणार असं सगळे धरून चालले होते. सोडतीत ‘महिला’ निघालं आणि हा घरी येऊन खुर्चीत बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, “आता तूच उभी राहा.”

मी म्हटलं, “मला भाषण येत नाही.”

“तुला अर्ध्या वॉर्डाच्या ब्लाऊजची मापं तोंडपाठ आहेत. भाषण कशाला पाहिजे?”

तसंच झालं. बायकांनी मला निवडून दिलं.

महापालिकेच्या सभागृहात माझ्या शेजारच्या बाकावर लागूनच असलेल्या वॉर्डाची नगरसेविका बसायची. साताऱ्याकडची, उंच, आवाज खणखणीत. तिला सगळे ताई म्हणायचे, मला वहिनी. आमचे पक्ष वेगळे, पण दोघांची युती होती, म्हणून बाकंही शेजारी. पहिल्याच सभेत ती माझ्याकडे वाकून कुजबुजली, “हात कधी वर करायचा गं?”

“पुढचे करतील तेव्हा,” मी म्हटलं. मलाही माहीत नव्हतं.

तेव्हापासून आमचं जमलं. ती शेंगदाण्याची चटणी आणायची, मी घावनं न्यायचे. गटारं, दिवाबत्ती, शाळेची गळकी छपरं, सगळे विषय आम्ही डब्यावरच आधी मिटवायचो आणि मग सभागृहात एकमेकींना पाठिंबा द्यायचो. मला भाषण जमत नव्हतं, तर माझ्या वॉर्डाच्या पाण्याबद्दल तीच ओरडायची. तिला कागदातलं बारीक वाचायचा कंटाळा, ते मी करायचे.

मग एका हिवाळ्यात राज्यात सत्ता कोणाची यावरून दिल्ली आणि मुंबईचं फिसकटलं. आम्ही ते टीव्हीवरच बघत होतो, बाकीच्या जनतेसारखे. युती तुटली. आता माझा पक्ष राज्यात सत्तेत, तिचा दिल्लीत. जिल्हा कार्यालयातून मला फोन आला, “वहिनी, आता त्यांच्याशी हसणं-खिदळणं बंद. कार्यकर्त्यांत चुकीचा मेसेज जातो.” तिलाही तसाच फोन आला असणार, कारण पुढच्या सभेत ती माझ्याकडे न बघता ताठ बसली होती. थोड्या वेळाने शिपाई चहाच्या ट्रेमधून एक झाकलेली वाटी माझ्यापुढे ठेवून गेला. चटणी होती.

हे असं लपूनछपून वर्षभर चाललं असतं, तेवढ्यात कोरोना आला. त्यातच आमच्या महापालिकेची मुदत संपली. निवडणुका घेणं शक्यच नव्हतं, म्हणून प्रशासक आले आणि आम्ही सगळे एका दिवसात माजी झालो. पाटीवर ‘माजी’ चिकटवायला मी एक स्टिकर करून घेतला. फोनवर मात्र कोणी माजी म्हणत नव्हतं. “वहिनी, बेड बघा.” “वहिनी, ॲम्ब्युलन्स दोन तास झाले आली नाही.” सही करायचा अधिकार नाही, कोणाला बोलवायचा अधिकार नाही, आणि फोन आधीपेक्षा जास्त. आमच्या चाळीतल्या एका काकांसाठी मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत फोन लावत होते. बेड मिळाला तेव्हा काका नव्हते. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात बसून रडले आणि न ठरवता तिलाच फोन लावला.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “माझ्याकडे आज तिघांचे फोन आलेत. तुझ्या लोकांची मंत्रालयात ओळख आहे ना? माझ्या लोकांची दिल्लीला आहे. राज्याचं काम असेल ते मी तुझ्याकडे पाठवते, केंद्राचं तू माझ्याकडे पाठव. कोणाला सांगू नकोस.”

आमची युती पुन्हा झाली ती अशी. वरच्यांना न विचारता.

पुढच्या उन्हाळ्यात लस आली, म्हणजे यायला लागली आणि लगेच संपायला लागली. आमच्या दोन वॉर्डांच्या हद्दीवर महापालिकेची शाळा आहे, तिथे केंद्र होतं. दिल्ली राज्याला देणार, राज्य महापालिकेला, महापालिका शाळेला. मधे कुठेही अडलं की शाळेच्या गेटवर कागद लागायचा, ‘आज लस उपलब्ध नाही’. आणि टीव्हीवर दोन्हीकडचे प्रवक्ते भांडायचे. एक म्हणे दिल्ली लस देत नाही, दुसरा म्हणे राज्य वाया घालवतंय.

एका संध्याकाळी पक्षाच्या ग्रुपवर आदेश पडला. उद्या सकाळी दहा वाजता प्रत्येक लसीकरण केंद्रावर केंद्र सरकारच्या विरोधात आंदोलन. व्हिडिओ काढून पाठवणे अनिवार्य. मी वाचतेय तोवर तिचा फोन.

“तुमचं उद्या आहे का काही?”

“दहाला. तुमचं?”

“दहालाच! राज्य सरकारच्या विरोधात. कुठे, शाळेवर ना?”

“अगं, गेट एकच आहे तिथे.”

“मग काय करूया? तू आधी घे. मला व्हिडिओपुरती पाच मिनिटं मिळाली तरी चालेल.”

“नको, तू आधी घे. तुला ऊन बाधतं.”

असं ठरवून आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो. माझ्याबरोबर शाखेतली पाच-सहा माणसं, तिच्याबरोबर तेवढीच. सगळ्यांच्या हातात फलक, तोंडाला मास्क, त्यामुळे कोण कोणाचं ते फलक वाचल्याशिवाय कळत नव्हतं. गेटपासून रस्त्याच्या वळणापर्यंत म्हाताऱ्या माणसांची रांग. कोणी वर्तमानपत्र डोक्यावर धरलेलं, कोणी चप्पल रांगेत ठेवून स्वतः झाडाखाली. लशीची गाडी अजून आलेली नव्हती.

ठरल्याप्रमाणे तिने सुरुवात केली. “राज्य सरकार हाय हाय!” मी बाजूला उभी राहून ऐकत होते. आवाज काय लावला होता! तिचं झालं, ती बाजूला झाली, मी पुढे. “केंद्र सरकार हाय हाय!” माझा आवाज फुटलाच नाही. मास्कमध्येच विरघळला. माझ्याच माणसांना ऐकू गेला नाही. मागून एक खणखणीत आवाज आला, “अगं, पोटातून ओरड!” ती सवयीने बोलून गेली. तिच्या कार्यकर्त्यांनी तिच्याकडे बघितलं, तिने खोकल्याचं नाटक केलं.

रांगेत पुढे जुन्या गावठाणातली एक आजी बसली होती, नऊवारी, नाकात नथ. ती हात वर करून म्हणाली, “बोंबलताव कनाला गो पोरींनो? सुई कवा देताव ते सांगा!”

रांग हसली. पण त्या हाय हायच्या गोंधळाने भलतंच झालं. रांगेच्या शेपटाला वाटलं की लस सुरू झाली. मागची माणसं पुढे आली, झाडाखालची माणसं आपापल्या चपलांकडे धावली, एक काठीवाले आजोबा धक्क्याने फुटपाथवर बसलेच. तेवढ्यात आतून केंद्राची डॉक्टर बाहेर आली. तिशीही नसेल. त्या निळ्या प्लास्टिकच्या झग्यात घामाने चिंब झालेली. तिने आधी आजोबांना उठवलं, मग आमच्याकडे वळली.

“तुमचा व्हिडिओ झाला का?”

आम्ही दोघींनी फलक खाली घेतले.

“झाला असेल तर एक करा. एकतर घरी जा, नाहीतर आत येऊन रांग लावायला मदत करा. माझ्याकडे दोनच माणसं आहेत.”

मी ताईकडे बघितलं, तिने माझ्याकडे. आम्ही फलक भिंतीला टेकवले आणि आत गेलो. मागोमाग कार्यकर्तेही आले, कारण त्यांना दुसरं काय करावं ते सुचेना. वर्गातली बाकं बाहेर काढून सावलीत मांडली, म्हाताऱ्यांना बसवलं. माझ्या शाखेचा एक दांडगा गडी तिच्या कार्यकर्त्याबरोबर पाण्याचं पिंप उचलून आणत होता आणि दोघं एकमेकांना “सांभाळून भाऊ” म्हणत होते.

गाडी आली. डॉक्टरने डबा उघडून बघितला आणि आम्हाला कोपऱ्यात बोलावलं. रांगेच्या निम्म्यालाही पुरणार नव्हतं. “आता हे लोकांना कोण सांगणार?” ती म्हणाली. ते तिला एकटीला झेपणारं नव्हतं, आणि आम्हाला तर आयुष्यभर लोकांना ‘होईल होईल’ सांगायचीच सवय.

ताईने विचारलं, “ज्यांचा दुसरा डोस राहिलाय ते आधी घेऊया का?”

“हो, तेच बरोबर आहे,” डॉक्टर म्हणाली. “पण तुमची चिठ्ठी घेऊन येणारे? रोज दोन्ही पक्षांचे येतात.”

“आज कोणाची चिठ्ठी नाही,” मी म्हटलं. बोलून गेले आणि मला माझी नणंद आठवली. रांगेत नव्हती ती. रिक्षा करून अकराला येणार होती, कारण ‘वहिनी आहे ना तिथे’. पहिलाच डोस होता तिचा.

ताई बाकावर चढली आणि त्या आवाजात तिने सगळं सांगितलं. दुसरा डोस आधी, मग रांगेप्रमाणे, आणि रस्त्यावरच्या नळाच्या मागे उभे असलेल्यांनी आज थांबू नका, उन्हात मराल. लोक चिडले. एकाने आम्हाला चोर म्हटलं. तिच्याच पक्षाचा एक पदाधिकारी आईला घेऊन आला होता, त्याला तिने हात जोडून परत पाठवलं. तो जाताना म्हणाला, “ताई, बघून घेतो.” मग माझी नणंद आली. चांगली साडी, गॉगल.

“ह्या बाजूने येऊ का गं आत?”

“आज नाही हो. परवा सकाळी लवकर या आणि रांगेत उभ्या राहा.”

“मी? रांगेत?”

ती रिक्षा सोडून आली होती, तरी तशीच वळली. गौरी-गणपतीपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.

दुपारी डबा रिकामा झाला. नथवाल्या आजीला लस मिळाली. जाताना तिने आमच्या दोघींच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली, तेव्हा अंतर राखायचं तिला सुचलं नाही आणि आम्हालाही सुचवावंसं वाटलं नाही. आम्ही शाळेच्या पायरीवर बसलो. माझ्याकडे कोकम सरबताची बाटली होती, तिच्याकडे पेला.

तेवढ्यात कोणीतरी फोटो काढला.

संध्याकाळी तो फोटो दोन्ही पक्षांच्या ग्रुपवर. सरबत ओततेय मी, पेला धरलाय तिने, मागे भिंतीला दोन फलक टेकलेले, शेजारी शेजारी, एकावर केंद्र हाय हाय आणि एकावर राज्य हाय हाय. मला जिल्हा कार्यालयातून फोन आला.

“वहिनी, हे काय? आपण त्यांच्या विरोधात लढतोय!”

“लढले ना. व्हिडिओ पाठवलाय.”

“त्यात तुमचा आवाजच येत नाही! ते जाऊ दे. आता एक पत्रक काढा. त्यांनी आपल्या आंदोलनात अडथळा आणला, असं. उद्या छापून आलं पाहिजे.”

तिलाही माझ्याबद्दल तेच पत्रक काढायला सांगितलं होतं. मी तिला फोन लावला.

“काय लिहू गं तुझ्याबद्दल?”

“स्टंटबाज लिही,” ती म्हणाली. “छान वाटतो शब्द. आणि पुढे ‘दिल्लीश्वरांच्या इशाऱ्यावर’ घाल, तुमच्याकडे ते आवडतं.”

“तू माझ्याबद्दल काय लिहिलंस?”

“निष्क्रिय.”

“निष्क्रिय? अगं, सकाळपासून बाकं कोणी उचलली?”

“बरं, मग ‘प्रसिद्धीलोलुप’ घालते. कसं लिहायचं ते? पहिला लु की दुसरा?”

मी तिला शुद्धलेखन सांगितलं. दोन दिवसांनी एका स्थानिक पेपरात आमची पत्रकं एकाखाली एक छापून आली, अंगठ्याएवढी. माझ्या नवऱ्याने ती वाचून दाखवली आणि हसता हसता त्याला ठसका लागला. पक्षाने मात्र मला पुढचे काही महिने कुठल्याच कार्यक्रमाला बोलावलं नाही. त्याचं मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. नवऱ्याची इतक्या वर्षांची शाखा होती ती. पण केंद्रावर आम्ही दोघी जातच राहिलो, एक दिवस ती, एक दिवस मी, म्हणजे फोटोत एकत्र यायला नको. चिठ्ठ्या परत सुरू झाल्या, पण कमी. डॉक्टर त्या न वाचताच खिशात टाकायची.

पुढे वरती पुन्हा उलथापालथ झाली. पक्ष फुटले, माणसं इकडची तिकडे गेली, आणि एके दिवशी टीव्हीवर माझे आणि तिचे नेते एकमेकांना पेढे भरवत होते. आम्ही तो कार्यक्रम माझ्याच घरी बघितला, ती घावनं खायला आली होती. तासाभरात जिल्हा कार्यालयाचा तोच माणूस फोनवर.

“वहिनी, आता आपलं जमलंय त्यांच्याशी. त्या ताईंशी जरा जुळवून घ्या. जुनं विसरा. एखादं हळदीकुंकू वगैरे ठेवा, हळूहळू होईल सुरळीत.”

समोर ती तोंडावर पदर धरून हसत होती, घावन ताटात तसंच.

“कठीण आहे हो,” मी म्हटलं. “खूप बोललोय एकमेकींना पेपरात. पण बघते प्रयत्न करून.”

“पक्षासाठी, वहिनी.”

“हो, पक्षासाठीच,” मी म्हटलं, फोन ठेवला आणि तिला विचारलं, “अजून एक घालू?”