पिठातलं पाऊल

लाखनीच्या बाजारात, बांगड्या भरता भरता, मी स्वतःला मारून टाकलं.

झालं असं की नणंदेकडे बारसं होतं. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा तिच्या नवऱ्याची तिथून लाखनीला बदली झाली आणि ते तिथलेच झाले. त्यामुळे तिथली कासारीण मला कितीतरी वर्षं ओळखत होती. ओळखत होती म्हणजे माझ्या मनगटाला ओळखत होती. माझ्या मापाच्या बांगड्या एरवी कुठं मिळायच्या नाहीत. ती माझ्यासाठी मुद्दाम मागवून वेगळ्या डब्यात ठेवायची. त्या दिवशी तिनं माझा हात हातात घेतला, साधं माप काढलं आणि बांगडी चढवता चढवता विचारलं, "तुमची मोठी बहीन काहून नाई आली? जाड्याशा होत्या त्या. त्याईच्या बांगड्या तशाच पडून हायेत माह्याकडे."

मला मोठी बहीण नाही. मी तिला सरळ सांगू शकले असते. पण आदल्याच आठवड्यात डॉक्टरांनी मला झापलं होतं, डोकं ठिकाणावर नव्हतं, आणि थट्टा करायची खोड जन्माची. मी म्हणाले, "ती गेली."

कासारणीचा हात तिथंच थांबला. डोळ्याला पदर लावून म्हणाली, "लय हासरी होती वो बाई. दुकानात आली का दुकान भरल्यासारखं वाटे." मग उठून मागच्या डब्यातून हिरव्या बांगड्यांचा तो डझन काढला, कागदात बांधला आणि पैसे न घेता माझ्या हातात दिला. "हे माप आता कोन घेनार? न्या. तिच्या नावानं कोनाले देऊन टाका."

बसमध्ये ते पुडकं मांडीवर घेऊन बसले. घरी सांगताना हसायला येईल असं वाटलं होतं. मी कुणालाच सांगितलं नाही. माझ्याबद्दल इतकं चांगलं माझ्या तोंडावर कधीच कुणी बोललं नव्हतं.

जठर कापून लहान करायचं माझं ऑपरेशन नागपूरला झालं, त्याला तेव्हा वर्ष होऊन गेलं होतं. नवरा जवाहरनगरच्या फॅक्टरीत, आम्ही तिथल्याच क्वार्टरमध्ये. गुडघे गेले होते, साखर वाढली होती, झोपेत श्वास अडकायचा. ऑपरेशन करायला हवंच होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. डॉक्टर हुशार होते. त्यांनी पहिल्याच दिवशी एक आकडा सांगितला: साठ. "साठपर्यंत यायचं. सगळे येतात," असं म्हणाले.

सुरुवातीला वजन असं उतरलं की डॉक्टर दुसऱ्या पेशंटना मला दाखवायचे. मग एक दिवस काटा थांबला. साठ अजून बरंच लांब होतं. पुढच्या खेपेला तोच आकडा, त्याच्या पुढच्या खेपेला तोच. डॉक्टरांचं हसू आधी आटलं, मग बोलणं बदललं. "काय खाता?" हा त्यांचा प्रश्न. मी सांगायची: वाटीभर वरण, अर्धी पोळी, तीही कधी कधी. ते माझ्याकडे न बघता माझ्या नवऱ्याकडे बघायचे. शेवटी म्हणाले, "ताई, खाल्ल्याशिवाय वजन थांबत नाही. तुमच्या घरात कुणीतरी खातंय. ती तुम्ही नसाल तर कोण आहे, शोधा. पुढच्या वेळी फरक दिसला नाही तर पुन्हा ऑपरेशनचा विचार करावा लागेल."

पुन्हा ऑपरेशन मला नकोच होतं. घरी आले आणि अर्धी पोळीही सोडली.

आता त्या दिवसांबद्दल सांगते, आणि जसं वाटलं तसंच सांगते. मला घरात कुणीतरी आहे असं वाटायचं. निम्मी होऊन गेले होते तरी दारातून मी आडवीच निघायची, अंगाला सवय होती म्हणून. पण कधी कधी वाटायचं, सवय कसली, आपण कुणाला तरी वाट देतोय. पलंगावर माझ्या बाजूला जुना खळगा होता. मी त्याच्या काठावर झोपायची, आत सरकायची नाही. फोनवर बोलले की लोक जुन्या बाईशी बोलायचे, समोर आले की नव्या बाईकडे टकमक बघायचे. केस मुठीमुठीनं गळत होते. आणि कासारणीचं ते पुडकं मी स्वयंपाकघरात फळीवर ठेवलं होतं, साखरेच्या डब्याला टेकून. कुणाला देऊन टाकायला हात धजत नव्हता.

मग डब्यातली साखर कमी व्हायला लागली.

आधी वाटलं, माझाच भ्रम. मग गूळ गेला. शेंगदाणे तळाला गेले. घरात आम्ही दोघंच. मुलगा पुण्याला. नवरा चहा बिनसाखरेचा पितो, आणि स्वयंपाकाच्या वासानं मला मळमळतं म्हणून दुपारचं जेवणही तो कॅन्टीनमध्येच उरकायचा. म्हणजे दिवसभर घरात मी एकटी, आणि डॉक्टरांचं वाक्य: घरात कुणीतरी खातंय.

दुपारी मला ग्लानी यायची. फॅक्टरीचा भोंगा झाला की कॉलनी अशी गप्प होते की पंख्याचा आवाज मोठा वाटतो. सगळ्यांची दारं ओढलेली, रस्त्यावर चिटपाखरू नाही. अशा एका दुपारी अर्धवट झोपेत मी स्वयंपाकघरातून बांगड्यांचा आवाज ऐकला. कागदातल्या काचेचा, किण्ण असा, एकदाच. उठावं म्हटलं तर अंग उठेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच. संध्याकाळी डबा उघडला तर साखर आणखी खाली.

ती खाते, हे मला तेव्हा अगदी पटलं. लाखनीला जिला मी मारलं, ती. तिला तरी दुसरं कोण घालणार? आणि त्याहून वाईट विचार असा की ती आणि मी वेगळ्या नाहीतच. मीच झोपेत उठते, खाते आणि विसरते. डॉक्टर बरोबर आहेत आणि मी खोटारडी आहे. मला माझाच भरवसा उरला नव्हता. इतकी भीती मला ऑपरेशनच्या टेबलावरही वाटली नव्हती.

म्हणून एका दुपारी झोपायच्या आधी मी चाळणीनं स्वयंपाकघराच्या फरशीवर तांदळाचं पीठ पसरलं. उंबऱ्यापासून फळीपर्यंत, पातळ, सारखं. स्वतःला पकडायला. तळपाय नीट पुसले आणि जाऊन पडले. भोंगा झाला. किती वेळानं कोण जाणे, बांगड्या वाजल्या.

जाग आली ती दाराच्या कडीनं. माझी आई अड्याळहून आली होती. नवऱ्यानं तिला फोन करून बोलावलंय, हे मला माहीत नव्हतं. तिनं मला पाहिलं, पिशवी ठेवली आणि पाणी प्यायला आत गेली. आणि उंबऱ्यावरच थांबली.

"कोन मेलं वो?" तिनं विचारलं.

ती आवाज न चढवता विचारत होती, आणि तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं मी काय केलंय ते. आमच्याकडे माणूस गेलं की त्या जागेवर पीठ पसरतात, दिवा लावून वर टोपलं झाकतात. दुसऱ्या दिवशी टोपलं उचलून पिठात काय उमटलं ते बघतात. पाखराचा पाय, मुंगीची रांग, जे दिसेल त्या जन्माला तो जीव गेला म्हणायचं. आजोबांच्या वेळी आईनंच ते टोपलं उचललं होतं.

मी तिच्या मागून डोकावले. पिठात पावलं होती.

फळीपर्यंत गेलेली आणि परत आलेली. आणि तिथंच थांबलेली नाहीत. उंबरा ओलांडून, पुसट होत होत, पांढऱ्या टाचा आमच्या खोलीत गेल्या होत्या. माझ्या पलंगापाशी, माझ्या उशाशी, दोन पावलं जोडून उभी होती. मी झोपले होते तिथं कुणीतरी उभं होतं.

मी पिठातल्या एका पावलावर माझं पाऊल ठेवून पाहिलं. वजन उतरल्यापासून माझे पायही उतरले होते, चपला एक नंबरानं लहान झाल्या होत्या. ते पाऊल माझ्या पायाहून मोठं होतं. चांगलं रुंद. "माय, तिचंच आहे," मी म्हणाले. "माझं जुनं पाऊल आहे ते."

आई खाली बसली. गुडघ्यावर हात ठेवून तिनं पिठाकडे बराच वेळ पाहिलं, टोपल्याखालचं पाहतात तसं.

"मानसाचं हाय," ती म्हणाली. "बरं झालं." मग करंगळीजवळ बोट टेकवून म्हणाली, "हे वाकडं बोट पाह्य. एवढी वर्षं झाली लगनाले, नवऱ्याचा पाय वळखू येत नाई तुले?"

लहानपणी बैलबंडीच्या चाकाखाली सापडलेली ती करंगळी मी रोज बघते. तरी मला दिसली नव्हती.

संध्याकाळी नवरा आला. पीठ आम्ही झाडलं नव्हतं. त्यानं ते पाहिलं, खुर्चीत बसला आणि स्वतःहूनच स्कूटरच्या डिकीतून पिशवी आणली. गूळ, शेंगदाणे, साखरेच्या पुड्या. थोडं थोडं नेत होता, माझ्या लक्षात येऊ नये म्हणून. "डॉक्टर मले फोनवर बोलले," तो म्हणाला, "का घरात काही ठेवू नका, बाईवर लक्ष ठेवा. मले वाटलं, तू लपून खाऊन राहिली. तुले विचाराची हिंमत नाई झाली."

"मलाही वाटलं," मी म्हणाले.

"काय?"

"मीच खाते म्हणून."

तो माझ्यावर शंका घेतो याचा राग यायला हवा होता. पण आम्ही दोघांनी एकाच माणसाचं ऐकून एकाच बाईवर शंका घेतली होती, आणि ती बाई त्या घरात उपाशी होती. मला रडू आलं. आईनं चूल पेटवावी तसा गॅस पेटवला आणि लाखोळीच्या डाळीचं वरण टाकलं. "पलंगापाशी कशाला आला होतास?" मी विचारलं. तो पुड्या परत डब्यात ओतायला लागला.

ते उत्तर मला नागपूरला मिळालं. पुढच्या खेपेला काट्यावर तोच आकडा. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि नेहमीसारखं नवऱ्याकडे पाहिलं. "तुम्ही घरी लक्ष ठेवता ना?"

माझा नवरा डॉक्टरांपुढं कधी बोलत नाही. मान हलवतो. त्या दिवशी तो म्हणाला, "ठेवतो साहेब. रोज दुपारी घरी येतो. आधी साखर न्यायले येत होतो. तेव्हापासूनच ही झोपली असली का नाकापाशी हात धरून पाह्यतो, श्वास चालू हाय का नाई म्हनून." मग डॉक्टरांकडे बघत म्हणाला, "तुमचं साठ राहू द्या. हिले जेवाले सांगा."

डॉक्टरांनी पहिल्यांदाच खुर्ची माझ्याकडे वळवली. माझी खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. मग म्हणाले, "काही शरीरं थांबतात." हे त्यांना आधीपासून माहीत असणारच. मला आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं मी त्यांना म्हणाले. ते हो म्हणाले.

साठ मी अजून पाहिलेलं नाही. केस परत आले. आता नवरा दुपारी जेवायला उघडपणे घरी येतो. फळीवरच्या बांगड्या मी कुणाला दिल्या नाहीत. डबा काढताना त्याचा हात लागतो, त्या वाजतात, आणि मी पानं घ्यायला उठते.

कधी कधी त्या रविवारी वाजतात. भोंगा नसतो, दार ओढलेलं असतं, तो माझ्या शेजारी झोपलेला असतो. आम्ही दोघंही जागे होतो आणि दोघंही उठत नाही. तिला खाऊ देतो.