घरगुती कारणास्तव

राजाराम मेश्राम म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस, आणि अर्ज लिहावा तर त्यांनीच. नागपूरला बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते तेव्हा अर्ध्या वस्तीचे अर्ज त्यांच्या हातचे असत. अमेरिकेत ॲन आर्बरला आले तरी तेच. घरमालकाला पत्र लिहायचं म्हटलं की विद्यार्थी दारात हजर. ‘‘काका, तेवढं लेटर ड्राफ्ट करून द्या ना!’’ काकांना त्याचा अभिमान होता, आणि का नसावा?

गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत त्यांनी अकरा वर्षं नकाशे काढले. १९८२च्या जानेवारीत साहेबानं त्यांना केबिनमध्ये बोलावलं. काम कमी झालंय, म्हणाला. आपणहून राजीनामा दे, चांगली शिफारस देतो. नाही दिलास तर काढून टाकावं लागेल, आणि ते तुझ्या रेकॉर्डवर राहील. मुदत संध्याकाळी पाचपर्यंत.

काढून टाकलं! राजारामजींच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांच्या घराण्यात टेबलखुर्चीवर बसून नोकरी करणारे ते पहिलेच. काढलेला माणूस म्हणजे काहीतरी भानगड केलेला माणूस, असंच नागपूरला सगळे धरून चालणार. त्यांनी कागद ओढला आणि आयुष्यभर दुसऱ्यांसाठी लिहिलं तसंच सुरेख अक्षरात लिहिलं, ‘काही घरगुती कारणास्तव मी राजीनामा देत आहे. आपल्या मार्गदर्शनाबद्दल मी आजन्म ऋणी राहीन.’ आपल्याकडे साहेबाशी भांडून जाणाराही हेच लिहितो. ते खरं कुणी मानत नाही.

इथं मानलं. स्वखुशीनं नोकरी सोडली म्हणून बेकारी भत्ता नाकारला गेला. राजारामजींनी अपील केलं. घरभाड्याचा प्रश्न तर होताच, पण आपल्याला ढकललं गेलं हे कुणीतरी कबूल करावं, एवढंच त्यांना हवं होतं.

सुनावणीला कांताबाई साडीवर जाड कोट चढवून नवऱ्याबरोबर गेल्या. साहेबही आला. त्यानं हसून दोघांची चौकशी केली आणि खिशातून ते पत्र काढलं. इतकं सुंदर पत्र आम्हाला कधी कुणी लिहिलं नव्हतं, म्हणाला. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

सुनावणी घेणारी बाई वाईट नव्हती, नुसती थकलेली होती. तिनं विचारलं, ‘‘घरी काय कारण होतं?’’

‘‘काही नव्हतं, मॅडम. आमच्याकडे असं लिहायची पद्धत आहे.’’

‘‘म्हणजे तुम्ही खोटं लिहिलंत?’’

जन्मात खोटं न बोललेला माणूस, शपथ घेऊन बसलेला. ‘‘येस, मॅडम,’’ एवढंच म्हणाला. पाचपर्यंतच्या मुदतीचं त्यांनी सांगितलं, पण साहेबानं मान हलवून नाही म्हटलं, आणि कागद तर समोरच होता.

तीन आठवड्यांनी निकाल आला. अपील फेटाळलं होतं, आणि कारण म्हणून पत्रातले ‘डोमेस्टिक रीझन्स’ हेच शब्द उतरवले होते. कांताबाईंनी तो कागद बोट फिरवत, अक्षरं जुळवत वाचला.

‘‘अहो, डोमेस्टिक म्हणजे घरचंच ना?’’

‘‘हो.’’

‘‘घरी तर तुम्ही न् मीच. मग माझ्यापायी नोकरी सोडली, असंच झालं ना हे? काहून लिहिलं तुम्ही असं?’’

या बाईनं अकरा वर्षं पहाटे उठून डबा भरला होता, बर्फ पडलं की नवऱ्याच्या आधी बाहेर जाऊन गाडीची काच साफ केली होती. राजारामजी टेबलावर डोकं ठेवून रडले.

वरच्या बोर्डाकडे अजून एक अपील करता येत होतं. ते लिहायला राजारामजी चार दिवस बसले. सवयीनं आदर आला, नम्र विनंती आली, ते सगळं त्यांनी खोडलं. शेवटी उरला तेवढाच मजकूर पाठवला. उन्हाळ्यात दोन ओळींचं उत्तर आलं, आधीचाच निर्णय कायम. पुढं त्यांना एका छपाईच्या दुकानात काम मिळालं, पण त्यांनी परत कुणाला अर्ज लिहून दिला नाही.

त्या शेवटच्या अपिलाची झेरॉक्स कांताबाईंनी लग्नाच्या फोटोमागे जपून ठेवली आहे. इंग्रजी त्यांना आजही बेताचंच येतं. पण त्यातली पहिली ओळ त्या न अडखळता वाचतात: ‘माझ्या घरी काहीही कारण नव्हतं. माझ्या बायकोनं अकरा वर्षांत मला एक दिवसही कामावर उशीर होऊ दिला नाही.’