चिंचेच्या लाकडाची मूठ

सोळा नोव्हेंबर. वर्कशॉपच्या फळ्यावर खडूने एकच काम लिहिलेलं होतं: गनमेटलचा बुश, एक नग, बंगलेवाले. धातूची छोटी कडी, लेथवर अर्ध्या तासाचं काम. मी ते सकाळपासून पुढे ढकलत होते, कारण करावं की करू नये हेच ठरत नव्हतं. आणि ठरत नव्हतं ते मिस्त्रींमुळे.

मिस्त्री कुठल्याही गाडीत बसले की आधी इंजिन चालू करत नसत. गिअरच्या दांड्यावर दोन बोटं ठेवायचे, डोळे मिटायचे आणि वैद्याने नाडी बघावी तसा एकेक गिअर टाकून बघायचे. रिव्हर्स सगळ्यात शेवटी. तो नीट पडला की डोळे उघडून म्हणायचे, "रिवस सगल्यांना लागतो, बाय." गाडीबद्दल बोलले की माणसांबद्दल, ते आपण समजून घ्यायचं.

चौलहून रेवदंड्याकडे जाताना त्यांची पत्र्याची शेड लागायची. तिथून हाकेच्या अंतरावर माझं लेथचं वर्कशॉप, वडिलांकडून आलेलं. मिस्त्री वडिलांच्या वयाचे. मला बाय म्हणायचे आणि माझ्या कामातल्या चुका काढायचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. हातात कसब, आणि डूख धरण्यात नागाला मागे टाकतील.

एका टेंपोवाल्याने एका लग्नात, भर पंगतीत, त्यांना "तेलकट हातांनी वाढू नका" म्हटलं होतं. पुढच्या वर्षी त्याच टेंपोचं इंजिन बसलं आणि तो मुकाट्याने शेडवर आला. मला वाटलं, मिस्त्री हाकलतील. त्यांनी आठ दिवस राबून इंजिन बांधलं. चौदा वर्षं झाली, टेंपो अजून मासळी वाहतो. तो दारावरून गेला की मिस्त्री मालकाकडे पाठ फिरवायचे आणि गाडीकडे वळून बघायचे.

"एवढा राग, तर काम कशाला केलंत?" मी एकदा विचारलं.

"वाकडं काम केलं तर तो दोन दिस शिव्या देनार नि मोकला व्हनार," ते म्हणाले. "सरल केलं, तर जलमभर माझ्या कामावर बसून फिरनार. कुनाचा सूड मोठा?"

बंगलेवाले साहेब त्यांच्याकडे आले ते एक जुनी विलायती गाडी घेऊन. हिरवी, दोन माणसांची, टप नसलेली. इंजिन ठणठणीत होतं, पण चार गिअरचा जुना बॉक्स झिजून गेला होता. साहेबांनी मुंबईच्या भंगार बाजारातून एका नव्या जपानी गाडीचा पाच गिअरचा बॉक्स आणला होता. एका जातीचं इंजिन, दुसऱ्या जातीचा बॉक्स. दोघांची भोकं जुळत नव्हती, बॉक्सच्या दांड्याची लांबी जुळत नव्हती. मुंबईत दोन गॅरेजनी हात वर केले होते.

मिस्त्रींनी मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा इंजिनाच्या तोंडावर धरला आणि हातोडीने हलकेच ठोकत सगळ्या भोकांचे ठसे त्यावर उठवले. तो पुठ्ठा माझ्याकडे आणला. "दोगांच्या मदी बसनारी प्लेट कर. सोयरीक जमवायचीय." मी प्लेट केली. त्यांनी कडेवरून नख फिरवलं आणि परत दिली. "अर्धा मिलीमीटर पलतीय." मी मोजली. पळत होती, बरोबर अर्धा मिलीमीटर बाहेर. दुसरी प्लेट बसेपर्यंत त्यांनी माझ्याकडचा चहा घेतला नाही.

बॉक्सचा दांडा इंजिनात जिथे टेकतो तिथला छोटा बुशही मीच केला. त्याचं माप कुठल्याच पुस्तकात नव्हतं. ते मिस्त्रींनी घेतलं आणि पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहून ठेवलं.

गिअरची जुनी मूठ चारच गिअरची. शिवाय नव्या बॉक्सचा रिव्हर्स दुसऱ्याच कोपऱ्यात, खाली उजवीकडे. म्हणून मिस्त्रींनी चिंचेच्या लाकडाची मूठ माझ्या लेथवर गोल करून घेतली आणि त्यावर स्वतः कोरलं: १, २, ३, ४, ५. आणि रिव्हर्सच्या जागी 'मा'.

"मा म्हणजे?" मी विचारलं.

"मागं," ते म्हणाले. "येवढं कलत न्हाय?"

अक्षरं भरायला बाजारातून लाल नेलपॉलिश आणलं. दुकानदाराने विचारलं, "काय मिस्त्री, या वयात?" त्या दुकानात ते पुन्हा कधी गेले नाहीत.

एप्रिलमध्ये मांडव्याला जुन्या गाड्यांचा मेळावा होता. मिस्त्री इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून निघाले, मीही गेले. हिरव्या गाडीभोवती गर्दी होती. कुणीतरी विचारलं, "यात पाच गिअर? बसवले कोणी?"

साहेब म्हणाले, "मुंबईत माझा एक माणूस आहे, डिझाइन सगळं त्याचं. इथल्या लोकांनी फक्त नट-बोल्ट आवळले." आम्ही तीन हातांवर उभे होतो. मग त्यांनी चिंचेची मूठ फिरवून काढली आणि वर धरली. "हा बघा यांचा सेन्स. मराठी आकडे! माझ्या गाडीला रिक्षा समजले." लोक हसले. साहेबांनी खिशातून जुनी मूठ काढून बसवली आणि ही मिस्त्रींच्या हातात दिली. "काका, ही घेऊन जा. आठवण म्हणून ठेवा."

"सायेब, तुमच्या मुठीवर चारच हायत," मिस्त्री म्हणाले. "नि पावसाल्यानंतर बुश बघाय गाडी आना. खारी हवा हाय."

"कळलं हो काका, कळलं."

परतीच्या वाटेवर मिस्त्री मूठ मांडीवर घेऊन बसले. शेड आली तेव्हा उतरताना म्हणाले, "रिवस सगल्यांना लागतो, बाय." या वेळी ते गाडीबद्दल बोलत नव्हते.

साहेबांची वाट बघायला मात्र ते राहिले नाहीत. भाद्रपदात, दुपारचं जेवण करून शेडमध्ये आडवे झाले आणि गेले. बंगल्यावर मी स्वतः निरोप धाडला. गाडीने पंधरा मिनिटांचं अंतर. कुणी आलं नाही. तेराव्यानंतर मिस्त्रींच्या बायकोने एक डबा माझ्या हातात दिला: दोन कानशी, तो पुठ्ठा आणि मूठ. "तुज्या उपयोगाचं हाय ते ठेव," म्हणाली. मी ठेवलं. आणि त्या दिवसापासून वाट बघायचं कामही मीच घेतलं.

फार थांबावं लागलं नाही. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दिघीला एक शाफ्ट पोचवून मी जंगलजेटीने, म्हणजे गाड्या वाहणाऱ्या बोटीने, आगरदांड्याला उतरत होते. त्या बोटीवर गाड्या उलट्या चढवतात, म्हणजे पलीकडे सरळ उतरता येतं. रांगेत पहिली हिरवी गाडी. साहेब आणि शेजारी पाहुणा, हरिहरेश्वरला निघालेले. साहेबांनी गिअरचा दांडा डावीकडे वर नेला, जुन्या मुठीवर लिहिलं होतं तसा. नव्या बॉक्सचा तिथे पहिला गिअर; गाडी टुणकन पुढे गेली. मागून पाट्या घेऊन आलेल्या कोळणी ओरडल्या, "अवो सायेब, बोट मागं हाय!"

मग त्यांना खाली उजवीकडचं आठवलं. पण तिथे नुसता कर्र आवाज. खाऱ्या हवेने बुश बॉक्सच्या दांड्याला धरून बसला होता. क्लच दाबला तरी दांडा फिरत राहायचा, आणि फिरत्या दांड्यावर रिव्हर्स पडत नाही. साहेब घामाघूम झाले. हॉर्न वाजत होते. "मागं लिहिलंय कुठं, वाच की रं!" एक कोळीण म्हणाली आणि सगळी जेटी हसली. शेवटी चौघांनी गाडी ढकलून बाजूला लावली. बोट सुटली.

मला एका मिनिटात कळलं होतं काय बिघडलंय. मी पुढे झाले नाही. कठड्याला टेकून भेळ खाल्ली, पूर्ण. मजा आली, खोटं कशाला सांगू. फोन काढून मिस्त्रींचा नंबर लावायला गेले, आणि मग फोन ठेवून दिला.

चार दिवसांनी साहेब वर्कशॉपवर. मुंबईहून आणलेल्या मेकॅनिकने बंगल्यावरच बॉक्स उतरवला होता, पण बुशाचं माप त्याला कुठे सापडेना.

"मॅडम, ते काका कुठे असतात हल्ली?"

"गेले. तुम्हाला निरोप दिला होता."

"हो का? राहूनच गेलं बघा." मग थोडं थांबून, "माप तुमच्याकडे असेल ना?"

माप होतं. सोळा तारखेला दुपारी मी लेथ चालू केला आणि बुशाचं भोक मुद्दाम केसभर मोठं ठेवलं. बाहेरून कुणाला कळलं नसतं. महिनाभरात घाटात बॉक्सचा दांडा कुरकुरला असता, वर्षात नवा बॉक्सही गेला असता. तळहातावर घेऊन बघितला. सुबक दिसत होता.

तेवढ्यात रस्त्यावरून मासळीचा टेंपो गेला.

बुश ढिला निघाला, तर साहेब म्हणणार: गावातलं काम, असंच असायचं. आणि ते खरं होणार, माझ्या हाताने. मी तो भंगाराच्या डब्यात टाकला आणि दुसरा काढला. पेन्सिलच्या मापाला बरोब्बर. त्यावर नख फिरवलं. कुठे अडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुश, मूठ, ड्रिल आणि पोलादी पिन घेऊन बंगल्यावर गेले. गाडी पोर्चमध्ये ठोकळ्यांवर होती, गिअरचा दांडा काढून ओट्यावर ठेवलेला. मी जुनी मूठ फिरवून काढली, चिंचेची बसवली, मुठीतून दांड्यात आरपार भोक पाडलं, पिन ठोकली आणि दोन्ही टोकं कानसून सपाट केली.

"मॅडम, हे काय करताय? आधी बुश..."

"आधी मूठ. ही आता दांडा कापल्याशिवाय निघणार नाही."

"पण ओरिजिनल लूक..."

"मग मागे जाऊ नका," मी म्हटलं. "बुश माझ्या खिशात आहे. नको असेल तर तसं सांगा."

साहेबांनी मेकॅनिककडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. "राहू दे," ते म्हणाले.

मी दांडा त्यांच्या हातात दिला. "वाचा. खाली, उजवीकडे."

"मा."

"म्हणजे?"

"मागे."

"कोणी कोरलंय?"

त्यांनी अक्षरावरून अंगठा फिरवला. मला घाई नव्हती. मेकॅनिकने मान वर केली.

"मिस्त्रींनी," साहेब म्हणाले.

"आणि बॉक्स कोणी बसवला?"

"मिस्त्रींनीच."

मग मी गाडीखाली शिरले आणि बुश ठोकला.