मामंजींच्या घरातले बारा काळ

काही घरांत रिकाम्या बरण्या साठतात, काही घरांत जुन्या लग्नपत्रिका. आमच्या घरात टेन्सचे किस्से साठतात. टाकवत नाहीत, ठेवायला जागा नाही. म्हणून थोडे बाहेर काढते.

मी मिरजेची. लग्न होऊन तंजावरला आले त्याला अजून वर्ष व्हायचंय. सासरची माणसं मराठीच, पण इथली, पिढ्यान्‌पिढ्यांची. घरात मराठी बोलतात, तमिळमध्ये भांडतात आणि दुसऱ्याला गप्प करायचं असलं की इंग्लिशमध्ये शिरतात. देवनागरी मात्र एकालाही वाचता येत नाही. त्यामुळे हे सगळं मी डायनिंग टेबलावर, सासूबाईंच्या नाकासमोर बसून लिहितेय. "काय लिहितेस?" त्यांनी मघाशी विचारलं. "रेसिपी," मी म्हटलं.

सासऱ्यांना इथे मामंजी म्हणतात. मिरजेत हा शब्द आता कुणी वापरत नाही, इथे तो रोज कॉफी मागतो. मामंजी शाळेत इंग्लिश शिकवून रिटायर झाले आणि त्याच आठवड्यात घरच्या पुढच्या हॉलमध्ये पुन्हा शिकवायला लागले. नर्सिंगच्या मुली येतात, बँकेच्या परीक्षांना बसणारी मुलं येतात. विषय एकच, टेन्स. मीही इंग्लिशची एम. ए., बी. एड. मिरजेत शाळेत शिकवत होते. इथे स्वयंपाकघरात बसून त्यांचे पेपर तपासते.

ओरत्तनाडू रोडवरच्या एका शाळेत इंग्लिशच्या टीचरची जागा निघाली. मुलाखत दिली, चांगली झाली. मामंजी सोबत आले होते. शाळेला नंबर त्यांनी स्वतःचा दिला. म्हणाले, "तुझा नंबर महाराष्ट्राचा. फ्रॉड कॉल म्हणून उचलणार नाहीत." तेव्हापासून माझा एक कान त्यांच्या फोनला बांधलेला. ही नोकरी मला हवी आहे. इतकी हवी आहे, की घरात मी तिचं नावसुद्धा काढत नाही.

*

सुरुवात लग्नाच्या बोलणीतच झाली होती. व्हिडिओ कॉल होता. माझे बाबा एसटीत क्लार्क, त्यांनी घाबरत घाबरत विचारलं, "मुलगी शिकवते. लग्नानंतर तिचं...?"

मामंजींनी चष्मा सारखा केला आणि कॅमेऱ्यात बघून म्हणाले, "शी विल टीच."

बाबा खूश. आई खूश. मीही खूश. इतकं स्वच्छ, कर्ता-क्रियापदाचं वाक्य मिरजेतल्या कुठल्या स्थळानं बोललं नव्हतं.

इथे आल्यावर दोनेक महिन्यांनी मी वासूला, म्हणजे नवऱ्याला, त्या वाक्याची आठवण करून दिली. तो मामंजींचाच मुलगा, व्याकरण रक्तात. थोडा विचार करून म्हणाला, "विलचे बरेच उपयोग असतात गं. अप्पांचं ते प्रॉमिस नव्हतं. प्रेडिक्शन होतं."

*

इथे कुणी घराबाहेर पडताना 'जातो' म्हणत नाही. आपणही 'येतो' म्हणतो, तमिळ माणूस 'जाऊन येतो' म्हणतो. भाव एकच. आता तेच इंग्लिशमध्ये आणलं की होतं, "सर, आय विल गो अँड कम." मामंजींचं अर्धं आयुष्य या वाक्याशी लढण्यात गेलं.

कयल नावाची एक मुलगी आहे क्लासमध्ये. नर्सिंग करते, तिरुवैयारूच्या पलीकडून बसने येते. एका संध्याकाळी मामंजींनी तिला दारात अडवलं. "इंग्लिशमध्ये कुणी येत नाही. फक्त जातात. से, आय ॲम लीव्हिंग."

कयलच्या पायात चपला, खांद्याला बॅग, बाहेर बसची वेळ. पण मोठ्या माणसाला तिन्हीसांजेला 'मी जाते' असं तोंडावर कसं सांगायचं? कधी उंबऱ्याकडे बघते, कधी सरांकडे.

"कमॉन."

"सर, आय ॲम लीव्हिंग..." तिने डोळे मिटले. "अँड कमिंग, सर." आणि पळाली.

मी आतून पाहत होते. खूप दिवसांनी हसले. मग मिरजेला मावसबहिणीच्या लग्नाला निघायची वेळ आली. बॅग घेऊन सासूबाईंना नमस्कार केला आणि आपल्या पद्धतीने म्हटलं, "येते."

"येतेस ते माहीत अहे," सासूबाई म्हणाल्या. "केव्हा येतेस, ते बोल."

*

सासूबाईंवरून आठवलं. कुंभकोणमचे पाहुणे आले होते. मी कॉफी घेऊन बाहेर आले तेव्हा सासूबाई माझी ओळख करून देत होत्या. "ही आमची सून. टीचर होती."

होती?

मी मनाला समजावलं. यांच्या मराठीत जुनी रूपं राहिली आहेत, हे मी आल्यापासून ऐकतेय. हे लोक 'कोठे' म्हणतात, 'अहे' म्हणतात. आमच्याकडे मेलेले कितीतरी शब्द इथे रोज अंघोळ करून कामाला लागतात. तर असेल बापडं. 'होती' हे 'आहे'चं एखादं आदरार्थी जुनं रूप असेल. काहीच अशक्य नाही.

रात्रीपर्यंत थांबवेना. कॉफीचे टंबलर विसळता विसळताच वासूला विचारलं, "तुमच्या मराठीत 'होती' म्हणजे 'आहे' असं कधी होतं का?"

त्याने अगदी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. आजीचं बोलणं, आत्याचं बोलणं.

"नाही," तो म्हणाला. "होती म्हणजे होतीच."

*

इंग्लिशमध्ये काही क्रियापदांना आयएनजी लागत नाही. नो म्हणजे माहीत असणं, लव्ह, वाँट. कयलने पेपरात 'आय ॲम वाँटिंग' लिहिलं होतं. मी लाल रेघ मारली होती, मामंजींनी ते वाक्य क्लाससमोर वाचून दाखवलं.

"वाँट ही ॲक्शन नाही," ते म्हणाले. "ती स्टेट आहे. माणूस नुसता हवंय हवंय करत बसतो. त्यात काही घडत नाही. म्हणून आयएनजी नाही."

मी आत नारळ खवत होते. मिरजेला असताना हाच नियम मी मुलांना शिकवायचे, पण त्याचं इतकं नेमकं स्पष्टीकरण मला कधी सुचलं नव्हतं.

कयलला मात्र पटलं नाही. "सर, माय ब्रदर इज वाँटिंग बाइक मीन्स, डेली फाइटिंग, सर. प्लेट थ्रोइंग. दॅट इज ॲक्शन ओन्ली, सर."

क्लास हसला. मामंजीसुद्धा हसले. म्हणाले, "दॅट इज अ बॉय."

*

मामंजींना डोळे दाखवायला तिरुचीला जायचं होतं. क्लास बुडवायचा नाही म्हणून आदल्या दिवशी म्हणाले, "तू जरा बसव त्यांना. प्रेझेंट परफेक्टचे एक्झरसाइज करू देत. शिकवू नको काही."

मी इस्त्रीची साडी नेसले. हॉलमध्ये गेले. एक्झरसाइज देऊन गप्प बसायचं असं ठरवूनच गेले होते. पण 'केम' आणि 'हॅज कम' यात काय फरक, असं एकाने विचारलं, आणि खडू हातात कधी आला ते कळलं नाही.

मी स्वतःचंच उदाहरण दिलं. "अक्का केम फ्रॉम महाराष्ट्रा." आली, एवढंच कळलं. आत्ता ती कुठे आहे, देव जाणे. "अक्का हॅज कम फ्रॉम महाराष्ट्रा." आली, आणि त्या येण्याचा परिणाम अजून चालू आहे.

"परिणाम काय, अक्का?" मागच्या बाकावरून प्रश्न.

मी उत्तर शोधेपर्यंत कयलने हात वर केला. "अक्का हॅज कम, सो सर हॅज गॉट फ्री पेपर करेक्शन."

वाक्य शंभर टक्के बरोबर होतं. मी तिला तसं सांगितलं. सगळी पोरं बाक वाजवून हसली आणि मग एकेकाने स्वतःची वाक्यं केली. वेळ संपली तरी कुणी उठेना. आतून सासूबाई कुकरच्या शिट्ट्या मोजून सांगत होत्या, आधी मराठीत, मग तमिळमध्ये.

दुसऱ्या दिवशी मामंजी काळा चष्मा लावून हॉलमध्ये गेले. मुलांनी उत्साहाने सांगितलं, काल हे केलं, ते केलं, अक्कांनी असं समजावलं. मामंजींनी सगळं ऐकून घेतलं. मग डस्टर उचललं आणि माझ्या अक्षरातला फळा वरपासून खालपर्यंत पुसला.

"येस्टरडे," ते म्हणाले, "देअर वॉज नो क्लास."

*

नवऱ्याबद्दल तक्रार नाही. माणूस भला आहे. फक्त तीन भाषा येतात आणि तिन्हींत तो एकच प्रयोग वापरतो, कर्मणी. गॅस संपला? "सांगितलं जाईल." पाहुणे येणार? "बघितलं जाईल."

शाळेच्या फोनचे दिवस जवळ येत चालले तसं मी त्याला एकदा गच्चीवर, कपडे वाळत घालताना धरलं. "त्यांचा फोन आला तर अप्पा काय सांगतील?"

"जे योग्य ते सांगितलं जाईल."

"मी नोकरी करावी असं तुला वाटतं ना?"

"मला काहीच प्रॉब्लेम नाही."

"मग तसं अप्पांना सांग."

"सांगितलं जाईल गं."

"कोण सांगेल?"

त्याने एक चिमटा माझ्या हातात दिला आणि हसत म्हणाला, "पॅसिव्हमध्ये कर्ता द्यायलाच हवा असं नसतं. तूच शिकवतेस ना?"

*

आणि हा गेल्या आठवड्यातला.

मामंजी इंग्लिशमधला फोन नेहमी स्पीकरवर घेतात. ऐकायला कमी येतं म्हणून नाही. विद्यार्थ्यांच्या कानावर चांगलं इंग्लिश पडावं म्हणून. बँकेचा फोन असो, गॅस एजन्सीचा असो, सगळा क्लास पेनं खाली ठेवून ऐकतो.

संध्याकाळी क्लास भरलेला. मी कॉफी घेऊन हॉलच्या दारात आले, एका हातात मामंजींचा डबरा-टंबलर, म्हणजे वाटीत ठेवलेला पेला, दुसऱ्या हातात बिस्किटांची बशी. तेवढ्यात फोन वाजला. मामंजींनी बोटाने सगळ्यांना गप्प केलं, फोन टेबलावर ठेवला, स्पीकर लावला.

शाळेचा होता. एक बाई अगदी हळू आवाजात, नीट बोलत होत्या. मुलाखत आवडली म्हणाल्या. सोमवारपासून यावं लागेल म्हणाल्या. फक्त एकदा विचारून घ्यायचं होतं. "सर, इज युअर डॉटर-इन-लॉ स्टिल इंटरेस्टेड?"

क्लासमध्ये कुणाला तरी कळलं. पहिल्यांदा कयलला, कारण ती एकदम वळून माझ्याकडे बघायला लागली. मग दुसरी मुलगी वळली. मामंजी वळले नाहीत. ते फळ्याकडे बघत होते. तिथे त्यांनीच आखलेला तक्ता होता, बारा घरांचा.

"मॅडम," ते म्हणाले. शब्द न शब्द वेगळा, मुलांना लिहून घेता यावा इतका सावकाश. "शी वॉज इंटरेस्टेड."



मी बशी खाली ठेवली नाही, पुढेही गेले नाही. दारातूनच म्हटलं, "आय ॲम." आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. सासूबाई आतून बाहेर आल्या.

"सॉरी, सर?" बाई म्हणाल्या. "हू इज दॅट?"

मामंजींनी आता माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. पेपरातली चूक सापडल्यावर पाहतात तसं, शांतपणे. मग फोनकडे थोडे वाकले.

"वन ऑफ माय स्टुडंट्स, मॅडम," ते म्हणाले. "वीक इन टेन्सेस."