निरवांगीची सात मिनिटं

शूटिंग संपवून आमच्या गाड्या निरवांगीतून निघाल्या, त्या सकाळी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आपल्या खांद्यावरचं घोंगडं काढून साहेबांच्या खांद्यावर टाकलं. साहेब म्हणजे हॉलिवूडचे नावाजलेले दिग्दर्शक, वय पंचाहत्तरीपुढे. मी त्यांचा संकलक. मुंबईच्या विमानतळापर्यंत साहेबांनी ते घोंगडं उतरवलं नाही. गाडीभर मेंढरांचा वास होता.

"आता आमी कवा दिसायचं?" निघताना आबांनी खिडकीशी येऊन विचारलं होतं.

"वर्षभरात. पुण्याला थेटरात," मी म्हणालो.

"मंग तेवढं जगतो की."

गाव मी त्याच्या पंचवीस वर्षं आधी सोडलं होतं. तेव्हा इंदापूरच्या एसटी स्टँडवर आबा एवढंच म्हणाले होते, "मेंढराला कातर लागली तर तिथंच सांगायचं. लपवलं की किडं पडत्यात." मला कुठं मेंढरं कातरायची होती? मी हसलो होतो.

नव्वदच्या दशकातलं हॉलिवूड साहेबांचं राहिलं नव्हतं. स्टुडिओत तिशीतले अधिकारी आले होते. ते साहेबांच्या जुन्या चित्रपटांचं कौतुक करायचे, पण मयताला गेल्यावर करतात तसं. चित्रपट तयार झाला की तो आधी अनोळखी लोकांना दाखवायचा, त्यांच्याकडून कार्डं भरून घ्यायची आणि कार्डं सांगतील तसा तो बदलायचा. शेवटचा शब्द साहेबांचा नाही, असं करारातच होतं. सही करताना ते मला म्हणाले, "एकच दार उघडं आहे, आणि त्याची कडी बाहेरून आहे." तरी त्यांनी सही केली. चित्रपट न करता घरी बसणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

त्यांचा सगळा जीव निरवांगीच्या सात मिनिटांत होता. आबा कळप घेऊन माळ उतरतात. एक शब्द नाही. शेवटी ते थांबतात, वळतात आणि आपल्याकडे बघतात. बस. कार्डांवर लोकांनी लिहिलं, मेंढ्या फार आहेत.

"सोमवारपर्यंत काढून टाक," त्यातला एक अधिकारी मला म्हणाला. "म्हाताऱ्याला नंतर सांगू."

माझी पन्नाशी उलटली होती. मुलगी कॉलेजात होती. कॉम्प्युटरवर संकलन करणारी तरुण मुलं बाहेर उभीच होती. मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणी कापलं असतं. हे खरं आहे. पण कापलं मी. पूर्वी कापलेली फिल्म निदान हातात उरायची, खुंटीला टांगता यायची. इथं एक बटण दाबलं आणि माळ, कळप, आबा सगळं गेलं.

साहेबांनी नवी प्रत पाहिली. दिवे लागल्यावर म्हणाले, "कापून जोडल्याचा सांधा कुठे आहे ते कळत नाही. म्हणजे हात तुझाच."

गावाला कळवायचं मी आज-उद्यावर ढकललं. तेवढ्यात चित्रपट पुण्याला लागला. आबा एकटेच एसटीने गेले. पुण्यातल्या भाच्याने त्यांना खुर्चीवर बसवून दिलं आणि सुटल्यावर न्यायला आला. रविवारी मी गावातल्या किराणा दुकानाच्या फोनवर त्यांना गाठलं. मागं माणसं जमलेली ऐकू येत होती.

"बाळा, मी न्हाय दिसलो रं," आबा म्हणाले. "साहेबांचं नाव आलं, ते भाच्यानं भायेर पाटीवर दाखवल्यालं, म्हून वळखलं. मंग गोरी माणसंच. मेंढरं बी न्हाय दिसली." मग त्यांनीच विचारलं, "माझा डोळा लागला असंल का?"

मी म्हणालो, "व्हय आबा. लागला असंल."

मागून कुणीतरी ओरडलं, "आबा, लांडगा आला असता म्हंजी?" सगळं दुकान हसलं. आबाही हसले.

धनगराच्या घरात राखणीला बसलेल्याचा डोळा लागणं म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको. आबांनी उभ्या जन्मात एक कोकरू लांडग्याला दिलं नव्हतं. त्या रविवारनंतर पुतण्यांनी त्यांना राखणीला बसवणं बंद केलं. "आबाला आता झोप आवरत न्हाय," असं म्हणू लागले. आबांनी वाद घातला नाही. ते मलाच खरं मानत होते. हे सगळं मला त्यांच्या दहाव्याला गावी गेल्यावर भावानं सांगितलं. तेव्हाही मी खरं सांगितलं नाही.

साहेबांना पुन्हा चित्रपट मिळाला नाही. मी शेवटचं भेटलो तेव्हा त्यांच्या गुडघ्यांवर तेच घोंगडं होतं. त्यांनी विचारलं, "वडिलांना सांगितलंस ना?" मी हो म्हणालो.

इथं अमेरिकेत माझं घर आहे, नातवंडं आहेत. दार आतून उघडता येतं. तरी माझं गाव कोणतं, असं कुणी विचारलं तर माझं खोटं जिथं अजून खरं मानलं जातं, ते. दुसरीकडे कुठंही मला जाब विचारणारं कुणी नाही. माझ्यासारखे जे निघून आले, त्यांच्यापाशीही असं काहीतरी असेल. असेल तर लवकर सांगून टाका. मी उशीर केला.

निरवांगीकरांनो, पारावर तो किस्सा पुन्हा निघाला तर एवढं सांगा. कातर माझी लागली होती. आबा दोन तास त्या अंधारात ताठ बसून स्वतःला आणि आपल्या मेंढरांना शोधत होते. त्यांचा डोळा एकदाही मिटला नव्हता.