दोन मिनिटं गप्प बसायचं होतं

इंटरनेटवर शब्दांचा एक खेळ होता. पडद्यावर सात इंग्रजी अक्षरं यायची, बाजूला घड्याळ पळायचं, आणि दोन मिनिटांत त्या अक्षरांतून जमतील तेवढे शब्द करायचे. समोर कुठल्या तरी देशातला कोणी तरी तेच करत बसलेला. दोन हजार सालानंतरची गोष्ट. शहरात राजारामपुरीतल्या एका इंटरनेट कॅफेत दादा आणि मी दर रविवारी तासभर हा खेळ खेळायचो. म्हणजे टाइप दादा करायचा, शब्द मी सांगायचे.

असं का, तर कॅफेत प्लायवूडच्या खोल्या आणि त्यांना पडदे. पोरगी एकटी आत बसली तर ती गावाकडं, गडमुडशिंगीला परत यायच्या आधी बातमी घरी पोचायची. म्हणून आईची अट होती, दादाबरोबर जायचं आणि खुर्चीवर दादानंच बसायचं. मी शेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर. शाळेत बक्षीस मिळालेली डिक्शनरी मी दोनदा वाचून काढली होती. इंग्रजी बोल म्हटलं की दातखीळ बसायची, पण अक्षरं दिसली की डोक्यात शब्द लाह्यांसारखे फुटायचे. मी कानात सांगायचे, दादा बडवायचा. पडद्यावर नाव त्याचं. जिंकलो की घरी येऊन ओरडायचा, "आज अमेरिकेला लोळवलं!" मीही हसायचे, मूर्खासारखी.

दादा एकदा नापास झालेला, त्यामुळं बारावी आम्ही एकदमच झालो. दोघांनाही पुण्याला कॉम्प्युटर शिकायला जायचं होतं. आबा, म्हणजे आमचे वडील, म्हणाले, "एकालाच धाडणार. ज्याचं डोकं चालतंय त्यो जाईल." आईच्या मते विचारायचं काय त्यात, पोरगाच जाणार. पण आबा तसे नव्हते. आमच्या दावणीला चार म्हशी होत्या, आणि डोळ्यांसमोर धार काढून बघितल्याशिवाय आबांनी आयुष्यात म्हैस घेतली नाही. "तुमचा त्यो खेळ दाखवा मला," म्हणाले. "रविवारी येतो."

मी आठवडाभर मनाशी घोकत होते. तोंड उघडायचं नाही. दादाची धार कोरडी निघू दे, मग मी म्हणणार, आबा, आता मला बसू द्या. एवढंच करायचं होतं.

आबा खुर्चीमागं उभे राहिले, टोपी हातात घेऊन. अक्षरं आली, घड्याळ सुटलं. दादा नुसता बघत बसला. समोरच्याचे चार शब्द झाले. दादाच्या मानेवर घाम. मला तर पडद्यावर सगळं ढळढळीत दिसत होतं. आणि काय झालं देव जाणे, मला ते हरणं सोसेना. आवळून धरलेले ओठ सुटले. "ट्रेन. रेन. स्टेअर. लिही की लवकर!"

आबांनी मागून माझा खांदा दाबला. "ए, गप बस की जरा. त्याला खेळू दे."

तेव्हा तरी गप्प बसावं की नाही? नाही बसले. आवाज आणखी बारीक केला आणि सांगत राहिले, शेवटच्या सेकंदापर्यंत. आम्ही जिंकलो.

बाहेर आल्यावर आबांनी दादाच्या पाठीत थाप मारली. मी म्हणाले, "आबा, शब्द मी सांगत होते. विचारा की त्याला." आबांनी त्याच्याकडं बघितलं. तो गाडीची किल्ली शोधत म्हणाला, "सांगितलं असतील तिनं दोन-तीन." दोन-तीन! त्या 'दोन-तीन'चा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

दादा पुण्याला गेला. मी इथंच बी.ए.ला नाव घातलं, सकाळ-संध्याकाळ शेण काढलं.

दिवाळीच्या आधी त्याचा फोन आला. होस्टेलवरची पोरं तोच खेळ खेळायला लागली होती आणि हा रोज हरत होता. "ए, अक्षरं सांगतो, पटापट शब्द सांग. घड्याळ चालू हाय बघ!" त्यानं सातही अक्षरं सांगितली. मी रिसीव्हर कानाला लावून उभी होते. एका दमात नऊ शब्द दिसले.

"अगं, बोल की! हाईस न्हवं?"

मी हूं का चूं केलं नाही. त्याची दोन मिनिटं पुरी संपू दिली आणि फोन ठेवला. जमलं की मला! त्या रविवारी तेवढं जमलं नाही.

गोठ्यातून आबांनी हाक मारून विचारलं, "कुणाचा गं फोन?"

"तुमच्या हुशार पोराचा," मी म्हणाले, आणि गोठ्यात जाऊन धारेची बादली त्यांच्या हातात दिली.