दानपेटीत टाकलेलं भाडं

उत्सवाचा महाप्रसाद होता. पहाटेपासून मी आणि आई मंदिरामागे भाजी चिरत होतो. पहिल्या पंगतीत एक पान रिकामं दिसलं, म्हणून मी बसले. भातावर वरण पडलं, मी कालवलं. तेवढ्यात देवस्थानचे मुख्य विश्वस्त, अण्णा, समोर येऊन उभे राहिले.

"ऊठ. भाडेकरूंची पंगत शेवटची. आधी भांडी."

सगळी पंगत माझ्याकडे बघत होती. मी भरल्या पानावरून उठले. आजही ते आठवलं की स्वतःचीच चीड येते. का उठले मी?

महाडात देवस्थानची चाळ आहे, तिथे आम्ही राहतो. पोलादपूरच्या वरच्या वाडीतून आई लग्न होऊन आली ती याच खोलीत. बाबा गेले. आता आम्ही मायलेकी एमआयडीसीतल्या कामगारांचे डबे करतो. चाळीचा रिवाज असा, की भाडं ऑफिसात द्यायचं नाही. पौर्णिमेला देवापुढच्या पेटीत टाकायचं आणि हात जोडायचे. घर देवाचं, मग भाडंही देवालाच. आईला यात कधी काही खटकलं नाही. मलाही नाही. पुराचा गाळ आम्ही उपसला, उडालेले पत्रे आम्ही बदलले, त्यालाही सेवाच म्हणत आलो. येडे कुठले!

उत्सव उरकला आणि अण्णांनी सगळ्या चाळीला सभामंडपात बोलावलं. ते खुर्चीवर, आम्ही फरशीवर.

"इथे भक्तनिवास बांधायचंय. आपली इमारत धर्मादाय आहे. सरकारनं तिला भाडे नियंत्रण कायद्यातून सूट दिलीय, म्हणजे भाडेकरूला त्याचं संरक्षण नाही. महिन्याभरात खोल्या रिकाम्या करा."

मी म्हटलं, "अण्णा, आम्ही भाडं भरतो. एक पौर्णिमा चुकली नाय."

"कुठे भरता?"

"पेटीत."

ते हसले. "ते दान झालं. पेटीत टाकणारा भक्त असतो, भाडेकरू नसतो."

माझ्या डोक्यात सणक गेली. पानावरून उठवायचं होतं तेव्हा मी भाडेकरू. घरातून उठवायचं तर भक्त. म्हणजे आम्ही कोण, हेसुद्धा हेच ठरवणार, आणि तेही आपल्या सोयीनं.

आईनं त्यांचे पाय धरले. "अण्णा, लेकीला घेऊन कुठं जाऊ मी?"

त्यांनी पाय मागे घेतला. "शिवू नका. आरतीला जायचंय."

मी आईच्या दंडाला धरून तिला उभं केलं.

"कोर्टाचा हुकूम आणा. तवर खोली सोडणार नाय."

"देवाशी भांडतेस?"

"देवाशी नाय. तुमच्याशी."

शेजारच्या काकूंनी तोंड फिरवलं. घरी आल्यावर आई रडत म्हणाली, "देव कोपंल गो. जा, माफी माग." मी गेले नाही.

आता देवस्थाननं घातलेली केस चालू आहे. चाळीचा नळ तोडलाय. बरीच बिऱ्हाडं घाबरून निघून गेली. वकील तोंडावर सांगतात, सूट त्यांच्याकडे आहे, आपली बाजू लंगडी. असेल. हरेनही मी. पण माझ्या हातानं मी भांडंकुंडं बांधणार नाही, माझ्या पायानं उंबरा ओलांडणार नाही. मला काढायचं तर उचलून काढावं लागेल. भर दिवसा, अख्ख्या महाडासमोर.